राहणारीच्या ओळी

हिल्डा, तुझ्या गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. अँथनीने आणून दिली. तुझ्या नवऱ्याला गाडी येत नाही हे तुला मी काय सांगायचं. ड्रायव्हिंग टेस्टला तो इतक्या वेळा नापास झाला की शेवटी तूच म्हणालीस, खलास, देवाने तुला कढई दिलीय, स्टिअरिंग नाही, तू हॉटेलच्या बसनेच जा. तुला वसईच्या मातीत ठेवून तो इकडे आखातात परत आला, किचनमध्ये ड्युटीवर रुजू झाला, आणि पहिल्या सुटीला माझ्या दारात उभा राहिला. "मेधा, अधूनमधून चालू करत जा ना. बॅटरी बसेल." एवढंच बोलला. मी किल्ली घेतली आणि त्याला आत ये म्हणायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर खाली गेले. आपल्या बिल्डिंगमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये गाडी तू लावली होतीस तशीच, जरा तिरकी. धूळ इतकी की मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने हसरा चेहरा काढून ठेवला होता. मला असा संताप आला की ओढणीने आधी तो पुसला. मग आत बसले, तुझ्या सीटवर, आरसा माझ्या उंचीला फिरवला आणि लगेच परत तुझ्या उंचीला केला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, एसीने गरम फुंकर मारली आणि गाणं सुरू झालं. सुरुवातीपासून नाही, मधूनच. तू जिथे बंद केलं होतंस तिथून.

ते ऐकत मी किती वेळ बसले माहीत नाही. पण त्याबद्दल नंतर. आधी भांडून घेते, कारण तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतायत की मला गुदमरायला होतंय.

तू आठवडाभर जबडा चोळत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, दाढ असेल. मग डावा खांदा धरला. तेव्हा म्हणालीस, बाय, ॲसिडिटी आहे गं, कालचं झणझणीत इंद्याल जास्त झालं. त्या पावडरच्या पुड्या तू पाण्यात घालून सिग्नलला प्यायचीस आणि ढेकर देऊन मला डोळा मारायचीस. मी म्हटलं क्लिनिकला जाऊ, रस्त्यातच आहे. तू म्हणालीस, शनिवारी, इन्शाल्ला. तुझं सगळं इन्शाल्लावर. अगं, देरामध्ये त्या जपानी स्पेअर पार्टच्या ऑफिसात तू दुसऱ्यांच्या मेडिकलच्या अपॉइंटमेंट घेत होतीस. साहेबाचं शुगर वाढलं तर त्याच्या टेबलावरची बिस्किटं उचलून नेत होतीस. स्वतःचा खांदा दुखतो तेव्हा इंद्याल. याचा राग माझ्या मनातून जाईल असं मला वाटत नाही, आणि तो जावा असंही वाटत नाही.

त्या सकाळी मी नेहमीच्या जागी उभी होते, खालच्या किराणा दुकानाच्या, बकाल्याच्या दारात, दूध-पावाच्या क्रेटशेजारी. तू कधी उशीर करत नाहीस. उशीर करणारी मी. तू हॉर्न द्यायचीस, मी जिन्यात चप्पल घालत धावायचे, आणि दोन अमिरातींमधल्या बॉर्डरवरचा ट्रॅफिक माझ्या एकटीमुळे झाला असल्यासारखी तू मला बोलायचीस. म्हणून त्या दिवशी आधी मला बरंच वाटलं की आज बोलायची पाळी माझी. फोन केला, उचलला नाहीस. पुन्हा केला. मग मेसेज टाकला, जसा आपण एकमेकींना कायम टाकतो: कुठे मेलीस?

तुझं हृदय तोवर बंद पडलेलं होतं, आणि तो मेसेज अजून तुझ्या फोनवर न वाचलेला पडलाय. अँथनीने पाहिला असेल तर तो बोलला नाही. मी त्याला काही समजावून सांगायला गेले नाही. वसईचा माणूस आहे, मराठीत प्रेमाने कसं बोलतात ते त्याला कळतं.

आता गाण्यांबद्दल. लोकांनी मला विचारलं, हिल्डाला जपानी गाण्यांचं काय वेड होतं? मी उत्तर देते ते कुणाला पटत नाही. त्यांना वाटतं कार्टूनमधली गाणी असतील, किंवा ती नाचणारी पोरं. त्यांना काय सांगू की तुझ्या ग्लोव्ह बॉक्समधल्या डिस्कवरचं एकही गाणं जपानमध्येसुद्धा फारसं कुणी ऐकलेलं नाही. हयाशी-सान, तुमचा जुना मॅनेजर, रिटायर होऊन परत जाताना ती सगळी तुला देऊन गेला. कॉलेजात असताना तो गाण्याच्या क्लबात होता आणि त्याला एकच छंद, मैत्रीवरची अशी गाणी जमवायची जी कधी गाजली नाहीत. कुठल्या गावच्या मासळीबाजारातल्या बायकांनी मिळून म्हटलेलं, कुठल्या शाळेच्या गॅदरिंगपुरतं कुणी मास्तरने लिहिलेलं. गाजलेलं गाणं सगळ्यांचं असतं, ते एका मित्राला कसं द्यायचं, असं तो म्हणायचा म्हणे. दोन वर्षं त्याने तुला एकेक गाण्याचा अर्थ लंच टाइममध्ये सांगितला आणि तू तो मला ट्रॅफिकमध्ये सांगितलास.

आपल्या कारपूलचा कायदा साधा होता. गाडी जिची, गाणं तिचं. मी लायसन्स असून भित्री, मी शेजारच्या सीटवर, डबे मांडीवर. माझी इरा लहान असताना मागे बसायची, तिला शाळेच्या बसस्टॉपला सोडायचं. सुरुवातीला मी म्हटलं, हिल्डा, ती काय म्हणतेय एक अक्षर कळत नाही, जरा आपलं काहीतरी लाव. तू म्हणालीस, कळत नाही म्हणून तर लावते, सकाळी सकाळी कुणाचं बोलणं कळून घ्यायची ताकद नसते. पण नंतर तूच प्रत्येक ओळ सांगायला लागलीस, आणि मला नको असताना मला ती सगळी कळायला लागली.

त्या मासळीबाजारातल्या गाण्यात एक जण दुसरीला म्हणते, तुझी पाटी दे, आज तुझा गुडघा सुजलाय. संपलं. पुढे नुसता त्या पाटीचा आणि चढाचा हिशोब. दुसरं एक शाळेतलं. सगळे घरी गेलेत आणि दोन मुली फळा पुसतायत. एकीचं त्या दिवशी कुणाशी तरी भांडण झालंय, पण दुसरी विचारत नाही, ती फक्त वरचा भाग पुसते, कारण हिची उंची पोचत नाही. तिसऱ्यात दोन म्हातारे गावच्या सार्वजनिक न्हाणीघराबाहेरच्या बाकावर सोंगट्या खेळत भांडतायत आणि पाऊस आला तरी कुणी उठत नाही. मी म्हटलं, हिल्डा, ही मैत्रीची गाणी आहेत तर मैत्री कुठाय? तोमोदाची म्हणजे मित्र हा एक शब्द तू मला शिकवलास आणि तोच एकाही गाण्यात येत नाही. आपल्याकडे बघ, हिंदी सिनेमात दोस्त म्हटलं की गळ्यात गळे, जान देईन, जग सोडीन.

तू ब्रेक मारलास. पुढची टॅक्सी घुसली होती, पण मला वाटलं माझ्यासाठीच मारलास. म्हणालीस, "जान कुणी मागितली? टेबल पुसून देतो का ते सांग म्हणावं."

हा वाद आपला कितीतरी वर्षं चालू होता आणि तो तू अर्धाच सोडून गेलीस. माझं म्हणणं आजही तेच आहे. बोलावं. माणसाने तोंड उघडून बोलावं. आत ठेवून ठेवून काय मिळतं? तुझं म्हणणं, बोलून मोकळं होणारे लोक मग काम करत नाहीत. तू मला चिडवायचीस, तुम्ही पुण्याचे लोक थँक्यूसुद्धा भाषण करून म्हणता. मी चिंचवडची आहे गं, पुण्याची नाही, असं मी दर वेळी सांगायचे आणि तू दर वेळी म्हणायचीस, एकच ते.

आई गेल्याचा फोन मला ऑफिसात आला तेव्हा माझा नवरा प्रसाद टूरवर होता. तू तासाभरात खाली गाडी घेऊन हजर. फ्लाइट संध्याकाळची. घरी जायचं मला धैर्य होत नव्हतं. तू काही विचारलं नाहीस. भर दुपारी तू मला देरात गोल गोल फिरवलंस, खाडीच्या कडेने, जिथे लाकडी बोटींवर फ्रिज आणि टायर चढवतात, पुन्हा वळून मागे, पुन्हा खाडी. ते फळ्याचं गाणं वाजत होतं. तू एकदाही म्हणाली नाहीस की आई सुटली, की देवाची इच्छा. मग माझ्या घरी येऊन माझी बॅग तूच भरलीस. मी तिकडे असताना इराला बसवरून आणलंस, जेवायला घातलंस, आणि मी परत आले तर बाल्कनीतला कढीपत्ता जिवंत होता. मी थँक्यू म्हटलं नाही, कारण तू भाषण म्हणाली असतीस. आज म्हणते. ऐकावं लागेल, आता तुला गाणं मोठं करून विषय बदलता येणार नाही.

गाणं मोठं करायची तुझी सवय. मी परत जाणार हे तुला सांगितलं तेव्हाही तू तेच केलंस. बॉर्डरवर गाड्या ठप्प होत्या. मी रात्रभर वाक्यं जुळवून आले होते. प्रसादला पुण्यात नोकरी मिळालीय, इराची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये आम्ही जाणार, कायमचं. तू म्हणालीस, "बरं." आणि आवाज वाढवलास. पार ऑफिस येईपर्यंत एक अक्षर नाही. उतरताना माझा डबा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "उद्या वेळेवर ये."

मला काय हवं होतं सांगू? तू नुसतं म्हणायला हवं होतंस, जाऊ नकोस. मी थांबले नसते. नोकरी, घर, सासूबाई, सगळं ठरलेलं होतं. पण तू म्हणायला हवं होतंस. चिंचवडच्या त्या घरात बसून मला कधीतरी म्हणता आलं असतं की तिकडे एक बाई होती, तिने मला थांब म्हटलं होतं. एवढंच मागत होते. ते तू दिलं नाहीस, आणि आता मी ते कुणाकडे मागू?

दुसऱ्या दिवशी तू एक डिस्क लावलीस आणि सांगितलंस, शिकायचंय. मेधा, तुझ्या सेंड-ऑफला म्हणू.

ते गाणं मला आधीच माहीत होतं, कारण तुमच्या ऑफिसची ती पद्धतच. हयाशी-सानने सुरू केलेली. कुणीही कायमचं सोडून चाललं की केक कापायच्या आधी दोघांनी उभं राहायचं. एक जाणारा आणि एक राहणारा. जाणाऱ्यानेच राहणारा निवडायचा. गाणं हयाशी-सानच्या क्लबातलं, त्यांनीच बांधलेलं, त्यांनीच रेकॉर्ड केलेलं, त्यामुळे जगात ते बहुतेक त्या क्लबाला आणि देरामधल्या तुमच्या एका ऑफिसालाच माहीत असणार. लहानसं स्टेशन, बर्फ, गाडी सुटायची आहे. एक डब्यात, एक प्लॅटफॉर्मवर. जाणारीच्या ओळी मोजक्या. खोलीची किल्ली शेजारी दिली आहे. मफलर तुझाच घालून चाललेय. बाकीचं सगळं राहणारी म्हणते. तुझ्या सायकलला तेल मी घालीन. तुझ्या आईकडचा स्टोव्ह थंडी पडायच्या आत भरून ठेवीन. दुकानदाराने विचारलं तर सांगीन, बरी आहे.

मी तुला म्हटलं होतं, हे गाणं आहे की सामानाची यादी? आणि शेवटची ओळ ऐकून तर मी हसलेच होते. गाडी हलते आणि राहणारी म्हणते, तो डबा खिडकीतून दे, मी धुऊन ठेवीन. मी म्हटलं, नुसता धुऊन? आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत. तू म्हणालीस आमच्यात तरी कुठे देतात. आपले डबे तर वर्षानुवर्षं असेच फिरत होते, तुझ्या डब्यातून तळलेले गोल फुगे यायचे, त्यातून माझ्या पुरणपोळ्या जायच्या, माझ्या डब्यातून तुझं लोणचं यायचं. कुणाचा डबा कुणाच्या घरी आहे हे आपल्यालाही सांगता आलं नसतं.

तू वाटून टाकलंस: "तू जाणारी, मी राहणारी." मी म्हटलं अर्थात. तुझ्या ऑफिसातल्या सगळ्यांनी तुलाच राहणारी निवडलं होतं ना. ती फिलिपिनो रिसेप्शनिस्ट, तो मलबारी ड्रायव्हर, खुद्द हयाशी-सान. प्रत्येकाला निरोप देताना त्या ओळी तूच म्हटल्यास. आणि आपण दोघी रोज सकाळी बॉर्डरवर ते घोकायला लागलो. मला माझ्या चार ओळी पाठ झाल्या. तुझ्या ओळी चालू असताना मी काय करत होते? माझी ओळ कधी येते याची वाट बघत खिडकीबाहेर बघत होते. तुझ्या ओळी माझ्या कानावरून इतक्या वेळा गेल्या आणि त्यातली एकही मला येत नव्हती. तू असताना ती शिकायचं कारणच नव्हतं.

आता तुला कळलं असेल त्या दिवशी गाडी चालू केल्यावर मी का बसून राहिले. डिस्क तुझ्याच ओळीवर थांबलेली होती. सायकलच्या तेलापाशी. तिथून सुरू झाली. मग माझी ओळ आली आणि सवयीने माझं तोंड उघडलं. किल्ली शेजारी दिली आहे. हातात तुझी किल्ली. मी गाडी बंद केली आणि तशीच वर आले. प्रसादने विचारलं, बॅटरी ठीक आहे का? मी म्हटलं, हो.

मग अँथनीचा फोन. महिन्याची मिस्सा इथल्या चर्चमध्ये ठेवलीय, नंतर हॉलमध्ये थोडं खाणं, लोक दोन शब्द बोलतील. "तू ते गाणं म्हण. तुमचं. ती रोज घरी भांडी घासताना म्हणायची." मी नाही म्हटलं. मला गाता येत नाही, मला तिच्या ओळी येत नाहीत, आणि चर्चच्या हॉलमध्ये जपानी गाणं कुणाला कळणार. तो म्हणाला, बरं. अगदी तुझ्यासारखं बरं. फोन ठेवल्यावर मला वेगळंच सुचलं. एवढ्या लोकांसाठी तू राहणारी झालीस. तू गेलीस तर तुझ्यासाठी त्या ओळी कुणी म्हटल्याच नाहीत. विमानतळावर नाही, वसईला नाही, तुझ्या ऑफिसातही नाही, कारण तिथे आता त्या येणारं कुणी उरलंच नाही. जाणाऱ्याने राहणारा निवडायचा, आणि तुला निवडायला वेळच मिळाला नाही. निवडलं असतंस तर मलाच, एवढा माज मला आहे.

मी अँथनीला परत फोन केला.

मग रोज ऑफिसातून आल्यावर तुझ्या गाडीत. घरात डिस्क लावायला आता काही नाही. इरा म्हणाली, "ममा, जस्ट रेकॉर्ड इट ऑन युअर फोन." तिचं बरोबरच होतं, पण मला तिथेच बसायचं होतं. एसी लावून, पुढची काच पुसून, एकेक ओळ. बिल्डिंगचा वॉचमन येऊन विचारून गेला, मॅडम, गाडी खराब है क्या? मी म्हटलं, नहीं भाई, गाना सीख रही हूँ. तो अदबीने लांब जाऊन उभा राहिला.

आणि मी तुझ्या ओळी शोधल्या, हिल्डा. शिकत नव्हते, शोधत होते. कुठेतरी ती म्हणत असेल जाऊ नकोस. एखाद्या कडव्यात, एका शब्दात. हयाशी-सानने तुला सांगितलेला अर्थ मला तुझ्या तोंडून पाठ होता, तरी मी शोधलं. नाही म्हणत ती. तेल, स्टोव्ह, दुकानदार, डबा. मी स्टिअरिंगवर हात आपटला. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की मी चालले असं सांगितल्यानंतर तू काय काय केलं होतंस. प्रसादला सामान पाठवायला स्वस्त आणि खात्रीचा कार्गोवाला शोधून दिलास. इराच्या ट्रान्सफर सर्टिफिकेटसाठी शाळेत दोनदा माझ्याबरोबर आलीस. माझा कढीपत्ता कुंडीसकट तुझ्या बाल्कनीत नेऊन ठेवलास, त्याला नवीन जागेची सवय व्हायला हवी म्हणून. मला तेव्हा वाटलं होतं, हिला माझी जायची घाई झालीय. मी त्यावर दोन दिवस फुगून होते आणि तू विचारलंस की काय झालं, तर मी म्हटलं, ॲसिडिटी.

हयाशी-सानला मी फोन लावला. तुझ्या ऑफिसातून नंबर मिळवला. तिकडे बर्फ पडत होता म्हणाला. त्याचं इंग्रजी मोजकं, माझं घाबरलेलं. मी विचारलं, मी एकटीच आहे, दोन्ही भाग मीच म्हणू का? तो म्हणाला, "नो. हिल्डा-सान्स लाइन, यू वेट." आमच्या क्लबात एखादा आजारी पडला, आला नाही, तर त्याच्या ओळी दुसऱ्याला देत नव्हतो, असं त्याने सांगितलं. तेवढा वेळ गप्प उभं राहायचं. मनातल्या मनात चालू ठेवायचं. मी म्हटलं, लोकांना वाटेल मी विसरले. तो म्हणाला, "यस. दॅट इज ओके." आणि मग रिटायर झालेला, बर्फातला तो म्हातारा माणूस फोनवर रडला, आणि सॉरी सॉरी म्हणत राहिला. मी पण सॉरी म्हटलं. कशाबद्दल ते दोघांनाही माहीत नव्हतं.

काल संध्याकाळी झालं सगळं. मिस्सेत मी शेवटच्या बाकावर, कधी उठायचं कधी बसायचं ते पुढच्या बाईकडे बघून. हॉलमध्ये अँथनीने स्वतः बनवलेले फुगे आणि पॅटिस, आणि तो सगळ्यांना वाढत फिरत होता. त्याला कुणी बस म्हटलं की म्हणायचा, यल्ला, चला, थंड होतायत, घ्या. लोक बोलले. तू किती हसतमुख होतीस, वगैरे. तू ट्रॅफिकमध्ये कुणाला काय काय शिव्या घालायचीस ते कुणीच बोललं नाही. मग माझं नाव पुकारलं. इरा कानात म्हणाली, "यू डोन्ट हॅव टू, ममा." मी उठले.

हे जपानी गाणं आहे, दोघींचं आहे, एवढंच सांगितलं. पुढे बोलले असते तर तू म्हणाली असतीस भाषण. आता राहणारी मी, म्हणून तेलाची ओळ म्हटली. सूर लागला. मग तुझी ओळ आली. किल्लीची. मी गप्प उभी राहिले. मनात म्हटली, पण या वेळी तुझ्या आवाजात. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं. मग मी स्टोव्हची ओळ घेतली, दुकानदाराची घेतली. आणि मग ती लांब जागा आली, मफलरची, जिथे जाणारी दोनदा तेच म्हणते. मी थांबले. खूप वेळ असतो तो, हिल्डा. म्हणताना कळत नाही, गप्प राहिलं की कळतं. लोकांना वाटलं बिचारी अडली, नाहीतर संपलं. पुढच्या रांगेतल्या एका सज्जन गृहस्थांनी टाळी वाजवली आणि त्यांच्या मागोमाग सगळा हॉल वाजवायला लागला.

मी हात वर केला. तू ट्रॅफिकमध्ये मधे घुसणाऱ्याला करायचीस तसाच. आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा. अजून तिचं चालू आहे."

हॉल गप्प झाला. अँथनी हातात ताट घेऊन होता तिथेच उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी तुझी ओळ संपेपर्यंत वाट पाहिली. मग मी डब्याची ओळ म्हटली आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

गाडी पुढच्या आठवड्यात विकली जाईल, घेणारा बघून गेला. डिस्क मी काढून घेतली. एप्रिलची आमची तिकिटं झालीत. राहणारीच्या ओळी म्हणून मीच चाललेय, हे मला अजून नीट गिळता येत नाही. कढीपत्त्याला पाणी आता अँथनी घालतो. मी त्याला दोनदा सांगितलं, जास्त घालू नको.

आज सकाळी ओट्याखाली तुझा डबा सापडला. तो शेवटचा, इंद्यालचा, झाकणाला अजून वास होता. घासला, पुसला, उन्हात ठेवला. अँथनीला द्यायला निघाले आणि दारातून परत आले. रिकामा कसा देऊ? भरून दिला तर तो ठेवून घेईल, तुझाच डबा तो, आणि मग आपली डब्यांची ये-जाही संपेल. म्हणून ठेवून घेतलाय. चिंचवडला नेणार आहे, धुऊन.